कॉलेजचा राजा, युजीनचा नवशिका: पॅट मर्फी यांचं प्रकरण

नोव्हेंबर 2009 मध्ये पॅट मर्फी यांनी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या बेसबॉल संघाचं हेड कोचपद सोडलं. पन्नाशी उलटली होती. मागे डिव्हिजन वन या कॉलेज खेळांच्या सर्वोच्च वर्गातले सलग बावीस मोसम होते, सात नोटर डेमला आणि पंधरा ॲरिझोना स्टेटला. नऊशेहून जास्त विजय आणि ओमाहाच्या चार वाऱ्या. ओमाहा ही कॉलेज बेसबॉलची पंढरी. शेवटचे आठ संघ जूनमध्ये तिथे कॉलेज वर्ल्ड सिरीज खेळतात. 1998 साली मर्फींचा संघ तिथला अंतिम सामना सदर्न कॅलिफोर्नियाकडून 21-14 असा हरला. आकडा बेसबॉलचा वाटत नाही, पण धातूच्या बॅटीच्या त्या दिवसांत असे सामने होत. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये क्यूबाला हरवणारा नेदरलँड्सचा संघही त्यांच्याच हाताखाली खेळला होता.

पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर 2024 मध्ये, हेच मर्फी मिलवॉकी ब्रुअर्सचे मॅनेजर म्हणून नॅशनल लीगचे, म्हणजे मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या दोन भागांपैकी एकाचे, 'मॅनेजर ऑफ द इयर' ठरले. 2025 मध्ये पुन्हा तेच. मधल्या काळात ते कुठे होते, काय करत होते आणि त्यातलं काय पुढे कामाला आलं, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आधी एक खुलासा, कारण क्रिकेटच्या सवयीने इथे घोटाळा होतो. क्रिकेटमध्ये मैदानावरचे निर्णय कप्तान घेतो आणि कोच पॅव्हेलियनमध्ये बसतो. बेसबॉलमध्ये कप्तान असलाच तर नावापुरता. फलंदाजीचा क्रम, पिचर (चेंडू टाकणारा) कधी काढायचा, बदली बॅटर कधी पाठवायचा, धावपटूला बेस चोरायला, म्हणजे चेंडू टाकला जात असतानाच पुढच्या बेसकडे धावायला, कधी सोडायचं, हे सगळं डगआउटमधून, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बाकावरून, ठरतं. कॉलेजमध्ये ते ठरवणाऱ्याला हेड कोच म्हणतात, प्रोफेशनल संघात मॅनेजर. दोघं दिसतात सारखे. नोकऱ्या मात्र दोन वेगळ्या आहेत.

कॉलेजचा हेड कोच दिवसभर काय करतो

बराच वेळ फोनवर असतो. कॉलेजच्या कोचचं पहिलं काम भरतीचं. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा हेरायचा, त्याच्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात जाऊन बसायचं आणि शिष्यवृत्तीचं गणित जमवायचं. मर्फींच्या शेवटच्या वर्षांत हे गणित असं होतं: एका संघाला वर्षाला 11.7 पूर्ण शिष्यवृत्त्या, त्या जास्तीत जास्त 27 मुलांत वाटायच्या, प्रत्येकाला किमान पाव तरी द्यायची, आणि एकूण संघ 35 चा. सत्तावीस जणांत वाटल्या तर माणशी सरासरी 43 टक्के. म्हणजे पुढे मेजर लीगचे संघ पहिल्या फेरीत निवडतील अशा पिचरच्या बापालासुद्धा उरलेल्या फीसाठी खिशात हात घालावा लागायचा. (जुलै 2025 पासून खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यातली नवी तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांना ही शिष्यवृत्तीची मर्यादा उरली नाही, संघ मात्र 34 चा झाला.)

एवढं करून आणलेला मुलगा किती काळ टिकतो? चार वर्षांच्या कॉलेजात दाखल झालेला खेळाडू तिसरं वर्ष संपल्यावर किंवा एकविशी गाठल्यावर मेजर लीगच्या ड्राफ्टला, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीला, पात्र होतो. चांगला असेल तर तिसऱ्या वर्षानंतर गेलाच म्हणून समजा. 2004 च्या ड्राफ्टमध्ये डस्टिन पेड्रोया असाच तिसऱ्या वर्षानंतर ॲरिझोना स्टेटमधून गेला. त्यामुळे दर उन्हाळ्यात कोचचा संघ मधोमध फाटतो आणि भरतीचा फोन पुन्हा सुरू होतो.

मैदानावर मात्र त्याचा शब्द शेवटचा. नियमित मोसम 56 सामन्यांचा, शुक्रवार ते रविवार तीन आणि आठवड्याच्या मध्यात एखादा. सरावाला आठवड्याला वीस तासांची मर्यादा. सर्वांत चांगला पिचर दर शुक्रवारी उतरतो आणि पुढचे सहा दिवस विश्रांती घेतो. बऱ्याच कॉलेजांत प्रत्येक चेंडूसुद्धा कोचच ठरवतो. मर्फींच्या काळात तो डगआउटमधून तीन आकडे ओरडायचा, कॅचर मनगटावरच्या पट्टीतलं छापील कोष्टक पाहायचा आणि त्या चौकटीत लिहिलेला चेंडू पिचरकडे मागायचा. एका सामन्यात दीडशेच्या आसपास चेंडू पडतात आणि तेवढ्या वेळा निर्णय एकाच माणसाचा असतो.

बावीस वर्षं असं राज्य केलेल्या माणसाला पुढे सगळ्यात अवघड काय जाणार, ते इथेच दिसतं.

राजीनामा

भरती आणि खेळाडूंना मिळणाऱ्या सवलती यांबाबतच्या नियमभंगाची चौकशी एनसीएए ही कॉलेज क्रीडासंस्था करत होती, त्या काळात मर्फी गेले. निकाल डिसेंबर 2010 मध्ये लागला. युनिव्हर्सिटीच्या बेसबॉल कार्यक्रमावर प्रोबेशन आलं आणि मर्फींवर एक वर्षाचा 'शो-कॉज' आदेश. या आदेशाने बंदी येत नाही, पण त्या मुदतीत जे कॉलेज अशा कोचला घेईल त्याला संस्थेपुढे जाऊन उत्तर द्यावं लागतं. प्रत्यक्षात असा माणूस कोणी घेत नाही. कॉलेजचा दरवाजा निदान तेवढ्यापुरता लागला होता आणि प्रोफेशनल बेसबॉलकडे जाणं ही निव्वळ महत्त्वाकांक्षेची गोष्ट राहिली नव्हती. कोचच्या कारकिर्दीबद्दल लिहिताना हा भाग गाळण्याची पद्धत आहे. पण तो गाळला तर पुढची पायरी समजतच नाही: ओमाहाला चारदा गेलेला माणूस सगळ्यात खालच्या वर्गांपैकी एकात का गेला असता?

2010 मध्ये मेजर लीगच्या सॅन डिएगो पॅड्रेसने त्यांना कार्यालयात विशेष सहायक म्हणून घेतलं आणि 2011 मध्ये युजीन एमराल्ड्सचं मॅनेजरपद दिलं.

युजीन

युजीन हे ऑरेगनमधलं युनिव्हर्सिटीचं गाव. एमराल्ड्स हा पॅड्रेसच्या हाताखालचा, नवे खेळाडू घडवणारा 'शॉर्ट सीझन ए' वर्गाचा संघ होता. हा वर्ग 2021 पासून बंद झाला, त्यामुळे तो काय होता ते सांगायला हवं. जूनच्या सुरुवातीला ड्राफ्ट व्हायचा, मुलं करारावर सही करायची आणि जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत 76 सामने खेळायची. सुट्टी जवळपास नाही, प्रवास बसचा. गंमत म्हणजे एमराल्ड्सचं घरचं मैदान, पीके पार्क, ऑरेगन युनिव्हर्सिटीचं होतं. दोनच वर्षांपूर्वी ज्या पॅक-10 या कॉलेजांच्या गटात मर्फींचा दबदबा होता, त्यातल्याच एका कॉलेजच्या मैदानावर ते आता प्रोफेशनल बेसबॉलचे नवशिके म्हणून उभे होते.

नेमणूक बाहेरून अपमानाची वाटली तरी अतिशय नेमकी होती. शॉर्ट सीझनला येणारा खेळाडू कोण? तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत कॉलेजात असलेला एकवीस वर्षांचा मुलगा. त्याचं काय बिघडणार हे कॉलेजच्या कोचइतकं कोणाला कळणार? पहिलं बिघडतं ते बॅटीमुळे. कॉलेजात धातूची बॅट असते, तिचा जोरकस भाग मोठा. इथे लाकडाची. आत घुसणारा वेगवान चेंडू धातूच्या बॅटीच्या मुठीजवळ लागला तरी कधीमधी इनफिल्डच्या डोक्यावरून जातो. लाकडाची बॅट तिथे तुटते आणि चेंडू पिचरच्या पायाशी घरंगळतो. दोन आठवड्यांत मुलगा आतल्या चेंडूला घाबरून लवकर बॅट फिरवू लागतो आणि मग बाहेरचा संथ चेंडू त्याला फसवतो. उपाय फार मोठा नाही. सामन्याआधी टी-वर (दांडीच्या स्टँडवर) ठेवलेला चेंडू मधोमध किंवा विरुद्ध बाजूला मारायचा, रोज. अडचण इतकीच की रोज सामना असल्याने हे सकाळी किंवा दुपारच्या पहिल्या तासाभरात उरकावं लागतं.

दुसरं बिघडतं ते पिचरच्या खांद्यात. कॉलेजात फेब्रुवारीपासून शंभर इनिंग टाकून आलेल्या मुलाला मालक संघ जूननंतर दोन-तीन इनिंगपेक्षा जास्त टाकू देत नाही. किती चेंडू टाकायचे ते फार्म डायरेक्टरच्या, म्हणजे खालचे सगळे संघ सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयातून आधीच लिहून आलेलं असतं. तिसऱ्या इनिंगला मुलगा झकास टाकत असो, संघ एका धावेने पुढे असो, आकडा भरला की तो खाली. इथे कॉलेजच्या कोचचा हात थरथरतो, कारण त्याच्या जुन्या जगात आजचा सामना जिंकणं हीच नोकरी होती. आता नोकरी आहे ती चार वर्षांनी दुसऱ्या कोणाच्यातरी हाताखाली जिंकणारा पिचर तयार करण्याची. कागदावर संघ हरतो, मॅनेजरच्या नावापुढे पराभव लागतो आणि वरच्या कार्यालयात कोणी त्याचा हिशेब विचारत नाही.

तिसरी गोष्ट भाषेची. कॉलेजच्या संघात सगळे इंग्रजी बोलणारे. इथे डोमिनिकन आणि व्हेनेझुएलाची मुलं सोळाव्या-सतराव्या वर्षी करार करून आलेली. अमेरिकन कॉलेजांतून आलेले आणि ही मुलं एकाच बसमध्ये. खोलीत कोणाला कोणाबरोबर ठेवायचं इथपासून मॅनेजरचं काम सुरू होतं.

मर्फी युजीनला दोन उन्हाळे होते. मग 2013 मध्ये टुसॉन आणि 2014 पासून एल पासो, म्हणजे थेट ट्रिपल-ए, मेजर लीगच्या लगेच खालचा वर्ग. मधल्या दोन-तीन पायऱ्या गाळल्या गेल्या. ट्रिपल-ए वेगळंच जग आहे. तेव्हा 144 सामने. एका लॉकरला मेजर लीगमध्ये आठ वर्षं काढलेला चौतीस वर्षांचा रिलीव्हर (सामन्याच्या मध्यात येणारा पिचर), शेजारच्या लॉकरला बावीस वर्षांचा आशावादी. रात्री अकराला फोन येतो की उद्याचा स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, सॅन डिएगोला पाठवा. तो जातो, त्याच्या जागी तीन रिलीव्हर जोडून सामना भागवावा लागतो, आणि ज्याचा नंबर लागला असं वाटत होतं पण लागला नाही त्या चौथ्याला मॅनेजरने बोलावून समजवायचं असतं. ही समजूत घालण्याची कला कॉलेजमध्ये लागत नाही. तिथला नाराज मुलगा फार तर दुसरं कॉलेज शोधतो; इथे त्याच्या घराचे हप्ते चालू असतात.

सॅन डिएगोचे 96 सामने

15 जून 2015 ला पॅड्रेसने बड ब्लॅक यांना काढलं आणि एका सामन्यानंतर मर्फींना तात्पुरता मॅनेजर केलं. उरलेल्या मोसमात संघ 42 जिंकला, 54 हरला. मोसमाअखेरीस त्यांना कायम केलं नाही, अँडी ग्रीन यांना आणलं.

हे अपयश त्यांच्या एकट्याच्या माथी मारणं चुकीचं ठरेल. आदल्या हिवाळ्यापासून मोसमाच्या तोंडापर्यंत पॅड्रेसने मॅट केम्प, जस्टिन अप्टन, क्रेग किंब्रेल अशी मोठी नावं गोळा केली होती आणि वसंतात पहिल्या बेसला शोभेल असा विल मायर्स सेंटर फील्डला उभा केला होता. जूनमध्ये आलेल्या माणसाला ना आपला कोचिंग स्टाफ निवडता येतो, ना सराव शिबिर मिळतं. पण एक निरीक्षण नोंदवण्यासारखं आहे. युजीनच्या मुलांना बेसवर कसं धावायचं ते शिकवता येत होतं. कोट्यवधी डॉलरचा करार खिशात असलेल्या बत्तीस वर्षांच्या आउटफिल्डरला जुलै महिन्यात कोणी काही शिकवत नाही. मर्फींचं मूळ हत्यार इथे म्यानातच राहिलं.

शिष्याच्या हाताखाली आठ वर्षं

2016 च्या मोसमासाठी मिलवॉकीने त्यांना बेंच कोच, म्हणजे डगआउटमध्ये मॅनेजरचा सल्लागार, म्हणून घेतलं. मॅनेजर होते क्रेग काउन्सेल, मर्फींचाच नोटर डेमचा खेळाडू, वयाने जवळपास बारा वर्षांनी लहान. ओळखीवर मिळालेली नोकरी, असं कोणी म्हणेल. खरंच आहे. या धंद्यात बेंच कोच ओळखीवरच निवडला जातो, कारण त्याचं काम मॅनेजरला तोंडावर 'चुकतोयस' म्हणण्याचं असतं.

टीव्हीवर डगआउटमध्ये फोन कानाला लावून उभा दिसतो तो बहुधा बेंच कोच. पंचाच्या निर्णयाला आव्हान द्यायचं का, हे व्हिडिओ पाहणारा माणूस त्याला सांगतो आणि तो मॅनेजरकडे मान हलवतो. पण खरं काम दोन इनिंग पुढचं. प्रतिस्पर्ध्याच्या बुलपेनमधला (राखीव पिचरांमधला) डावखुरा काल आणि परवा मिळून किती चेंडू टाकून बसलाय, आपला बदली बॅटर आत्ता वापरला तर आठव्या इनिंगला कोण उरतो, हे त्याच्या कागदावर असतं.

त्यातही नॅशनल लीगमध्ये 2021 पर्यंत (2020 वगळता) पिचरला स्वतः बॅटिंग करावी लागे, आणि त्यातून 'डबल स्विच' नावाची कसरत करावी लागे. समजा सातव्या इनिंगला नवा पिचर आणायचाय आणि पुढच्या डावात पिचरचाच नंबर पहिला. मग पिचरसोबत नुकताच बॅटिंग करून गेलेला एक क्षेत्ररक्षकही बदलायचा, नवा क्षेत्ररक्षक पिचरच्या क्रमांकावर लावायचा आणि नव्या पिचरला त्या गेलेल्याच्या क्रमांकावर ढकलायचं. पिचरची पाळी आठ जणांनी लांबते, पण एक चांगला खेळाडू कायमचा सामन्याबाहेर जातो. कॉलेजमध्ये पिचरच्या जागी दुसराच बॅटिंग करतो, त्यामुळे हा प्रश्न तिथे येतच नाही. मर्फींनी तो साठीकडे झुकताना शिकला.

या आठ मोसमांत ब्रुअर्स पाच वेळा प्लेऑफला गेले. 2018 मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, एका सामन्याने हुकली. ऑगस्ट 2020 मध्ये सरावादरम्यान मर्फींना हृदयविकाराचा झटका आला. ते परत आले.

मिलवॉकी

नोव्हेंबर 2023 मध्ये काउन्सेल पाच वर्षांच्या, चार कोटी डॉलरच्या पुढच्या विक्रमी कराराने शिकागो कब्सकडे गेले. ब्रुअर्सने मर्फींना नेमलं. त्याच महिन्यात ते पासष्ट वर्षांचे झाले. 2024 चा मोसम सुरू होण्याआधीच संघाने आपला पहिला पिचर कॉर्बिन बर्न्स बाल्टिमोरला दिला होता, क्लोजर (शेवटच्या इनिंगचा पिचर) डेव्हिन विल्यम्स पाठीच्या दुखण्याने जुलैपर्यंत नव्हता, आणि ऑगस्टमध्ये ख्रिश्चन येलिचची पाठीची शस्त्रक्रिया झाली. तरी 93 विजय आणि विभागाचं विजेतेपद.

कसं? संघ तरुण होता, आणि म्हणून म्यानातलं हत्यार बाहेर आलं. मेजर लीगचा एकही सामना न खेळता आठ वर्षं आणि 8.2 कोटी डॉलरचा करार मिळालेला जॅक्सन चूरिओ वीस वर्षांचा होता. पहिले दोन महिने त्याची बॅट चालली नाही. अशा वेळी बहुतेक मॅनेजर मुलाला ट्रिपल-एला पाठवा म्हणतात. त्याला वरच ठेवला, पण खालच्या क्रमांकावर आणि अधूनमधून विश्रांती देत. वर्षाअखेर 21 होम रन आणि 22 चोरलेले बेस. संघाने मिळून 217 बेस चोरले. एखादा बेस जास्त घेणं, बंट (चेंडूला बॅट नुसती टेकवणं), चुकीच्या फेकीवर पुढे सरकणं, हा सगळा कॉलेजचा खेळ. तो अंगात मुरायला धावणारे पाय तरुण असावे लागतात आणि सांगणाऱ्याने तो हजारदा सांगितलेला असावा लागतो. प्लेऑफमध्ये मात्र मेट्सच्या पीट अलोन्सोने निर्णायक सामन्याच्या नवव्या इनिंगला विल्यम्सच्या चेंडूवर होम रन मारला आणि मोसम तिथेच संपला.

2025 ची सुरुवात चार पराभवांनी झाली, त्यातला एक यांकीजविरुद्ध 20-9. ऑगस्टमध्ये सलग चौदा विजय आले, तो फ्रँचायझीचा विक्रम. बाराव्या विजयाला जॉर्ज वेब या स्थानिक हॉटेल-साखळीने जुन्या वचनाप्रमाणे गावाला फुकट बर्गर वाटले. अखेरीस 97 विजय, सबंध मेजर लीगमध्ये सर्वाधिक. विभागीय मालिकेत समोर काउन्सेल यांचे कब्स आले आणि पाचव्या सामन्यात ब्रुअर्स 3-1 ने जिंकले. पुढच्या मालिकेत डॉजर्सने 4-0 असं धुतलं. चार सामन्यांत ब्रुअर्सच्या धावा एकूण चार. बेस चोरून दडपण आणायचं तर आधी पहिल्या बेसवर पोचावं लागतं, आणि तशा पिचिंगसमोर तेच जमलं नाही.

दुसरा रस्ता

ॲरिझोना स्टेटच्याच खुर्चीतून मर्फींच्या आधी बॉबी विंकल्स गेले होते. तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून 1972 मध्ये ते एंजल्सचे कोच झाले, 1973 मध्ये मॅनेजर, आणि 1974 च्या मध्यावर बाहेर. एकच वर्ष मुरले. डिक हाउझर 1979 मध्ये फ्लोरिडा स्टेटचे कोच होते आणि 1980 मध्ये यांकीजचे मॅनेजर, पण ते स्वतः मेजर लीग खेळलेले आणि यांकीजच्याच बेसवर दहा वर्षं कोच म्हणून उभे राहिलेले. उलट्या दिशेचंही उदाहरण आहे. वेस जॉन्सन 2018 च्या अखेरीस आर्कन्सामधून थेट मिनेसोटा ट्विन्सचे पिचिंग कोच झाले आणि जून 2022 मध्ये, ऐन मोसमात, कॉलेजला परतले. मोठ्या कॉलेजांचे पगार आता मेजर लीगच्या साहाय्यक कोचपेक्षा जास्त असू शकतात, त्यामुळे 'वर' म्हणजे कुठे हेच धूसर झालंय.

मर्फी कब्सला हरवून डॉजर्सकडून हरले त्याच महिन्यात, 22 ऑक्टोबर 2025 ला, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने टेनेसीचे हेड कोच टोनी व्हिटेलो यांना मॅनेजर नेमलं. 2024 चं राष्ट्रीय विजेतेपद, त्या वर्षी 60 विजय आणि 13 पराभव. प्रोफेशनल बेसबॉलमध्ये खेळाडू वा कोच म्हणून एकही दिवस न काढता कॉलेजातून थेट या खुर्चीत बसलेले ते पहिलेच. युजीनची बस नाही, रात्री अकराचा फोन नाही, डगआउटमध्ये मॅनेजरशेजारची आठ वर्षं नाहीत. मर्फींनी हे सगळं शिकायला चौदा मोसम घेतले. व्हिटेलोंच्या बाबतीत ते पहिल्या दिवसापासून त्यांच्या बेंच कोचला माहीत असावं लागेल, आणि 162 सामन्यांत तो 'चुकतोयस' किती वेळा म्हणतो आणि किती वेळा ऐकलं जातं, ते पाहावं लागेल.